सुप्याच्या वह्या आणि मोबाईलमधले कर्ज
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला, ‘पर्यावरणपूरक अर्थव्यवहार आणि मोबाईलवरील अर्थव्यवहारांचे नियमन’. विषय घरी वाचून दाखवल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “तुम्ही तारा सांभाळता ते ठीक आहे, हे बँकेतल्या कुणाला तरी सांगू द्या की!” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मी डिप्लोमावाला विद्युत अभियंता, पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली माझी वीस-बावीस वर्षे गेली. पण कर्ज, व्याज, ठेव आणि हप्ता हे विषय फक्त बँकवाल्यांचे आहेत असे आपल्यापैकी कोण म्हणेल? आज मी जे सांगणार आहे ते आपल्या आसपास, याच दिल्ली परिसरात घडलेले आहे.

सुरुवात गाझियाबादच्या सांडपाण्यापासून करतो. (प्रसादाच्या आधी हा विषय काढल्याबद्दल क्षमस्व.)

वसुंधरा, वैशाली, इंदिरापुरम येथे राहणाऱ्या मंडळींना हिंडन नदी आणि तिला मिळणारे नाले यांची ओळख करून द्यायला नको. खिडकी उघडली की ओळख होते. पलीकडे साहिबाबादची औद्योगिक वसाहत. तिथल्या कारखान्यांना पाणी हवे आणि ते वर्षानुवर्षे जमिनीतून उपसले जात होते. म्हणजे एकीकडे घाण पाणी नदीत चाललेले आणि दुसरीकडे पिण्याजोगे पाणी कारखान्यात चाललेले. गाझियाबाद महानगरपालिकेने यावर उपाय काढला तो असा. इंदिरापुरमला रोज ४ कोटी लिटर सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करणारा प्रकल्प उभा करायचा आणि ते पाणी नळाने कारखान्यांना विकायचे. पण पैसा कुठून आणायचा?

२०२१ साली या महानगरपालिकेने १५० कोटी रुपयांचे कर्जरोखे बाजारात आणले, व्याजदर ८.१ टक्के. महानगरपालिकेने ‘हरित’ म्हणून काढलेले हे देशातले पहिले रोखे. मुंबईच्या शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. आता साधा हिशेब करा. १५० कोटींवर ८.१ टक्के म्हणजे पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच १२ कोटी १५ लाख. हे व्याज कोण भरणार? कारखान्यांच्या पाणीपट्टीतून काही येईल, आणि अशा रोख्यांच्या रिवाजाप्रमाणे महानगरपालिकेच्या कराच्या उत्पन्नातला एक भाग वेगळ्या राखीव खात्यात आधी वळवला जातो. त्यातून देणेकऱ्यांचे भागते आणि मग उरलेले इतर खर्चाला. म्हणजे इंदिरापुरममध्ये फ्लॅटचा कर भरणारा आपला माणूस या व्यवहारात एका बाजूने उभा आहेच. केंद्र सरकारनेही हात दिला. अमृत योजनेखाली महानगरपालिकेने १०० कोटींचे रोखे काढले तर १३ कोटींचे प्रोत्साहन मिळत असे.

तुम्ही म्हणाल, नुसते ‘हरित’ नाव दिल्याने काय होते? रंग तर कोणीही फासतो. खरे आहे. म्हणून ‘सेबी’ने २०१७ साली हरित रोख्यांसाठी नियम केले आणि २०२३ साली ते आणखी कडक केले. पैसा कोणत्या कामाला लावणार ते आधी लिहून द्यायचे, तो वेगळा मोजायचा, दरवर्षी किती खर्च झाला, किती शिल्लक आहे, पर्यावरणाला काय उपयोग झाला ते जाहीर करायचे, आणि बाहेरच्या त्रयस्थाकडून ते तपासून घ्यायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर मीटर बसवल्याशिवाय बचतीचा दावा करायचा नाही. सरकारी माहितीप्रमाणे साहिबाबादला सुमारे ९५ किलोमीटर नळाचे जाळे टाकून चौदाशेहून अधिक कारखान्यांपर्यंत हे पाणी नेण्याची योजना आहे. माझ्यासारख्याला यात एकच गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे त्या कारखान्यांच्या बोअरवेल खरोखर बंद झाल्या का. नळाने पाणी आले आणि बोअरही चालू राहिली, तर नदीला फायदा झाला असेल, पण जमिनीखालच्या पाण्याला नाही. रोख्याच्या वार्षिक अहवालात हा आकडा मागण्याचा अधिकार गुंतवणूकदाराला आहे, आणि करदाता म्हणून आपल्यालाही तो विचारता आला पाहिजे.

आपल्या महाराष्ट्राचे काय? पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले. तेव्हा पुण्याचे किती कौतुक झाले! आणि त्याच वर्षी योजनेच्या निविदा रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या. रोख्यावरचे व्याज मात्र निविदेची वाट पाहत थांबत नाही. पैसा उभा करणे सोपे, काम तयार ठेवणे कठीण, हे आपण रेल्वेवाले चांगले जाणतो. पुढे पिंपरी-चिंचवडने २०२५ साली २०० कोटींचे हरित रोखे काढले. महाराष्ट्रातले महानगरपालिकेचे ते पहिले हरित रोखे. पण मला सगळ्यात आवडले ते इंदूरचे उदाहरण. होळकरांच्या इंदुरात आपले नातेवाईक घरटी एक तरी असतील. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांब आणि उंचावर चढवून इंदूरला आणतात, आणि पंपांचे वीजबिल महानगरपालिकेचे कंबरडे मोडते. म्हणून जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूरने २४४ कोटींचे रोखे काढले, ८.२५ टक्क्यांनी, आणि तेसुद्धा थेट सामान्य लोकांसाठी. दहा हजार रुपयांपासून. गावच्या माणसाने गावच्या पंपासाठी कर्ज द्यायचे आणि सहा महिन्यांनी व्याज घ्यायचे. वीजबिल वाचले की नाही हे त्याला घरच्या नळावरूनच कळणार.

आता थोडे आपल्या खात्याबद्दल. गाडीचे डबे आणि इंजिने विकत घेण्यासाठी रेल्वे ज्या संस्थेमार्फत कर्ज उभारत आली ती भारतीय रेल्वे वित्त महामंडळ, म्हणजे आयआरएफसी, १९८६ पासून दिल्लीतच आहे. २०२१ साली तिचा शेअर २६ रुपयांना बाजारात आला तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी अर्ज भरले होते ते मला माहीत आहे, नावे घेत नाही. या महामंडळाने डिसेंबर २०१७ मध्ये परदेशात ५० कोटी डॉलरचे हरित रोखे विकले होते. मग जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खुद्द भारत सरकारने आठ-आठ हजार कोटी, एकूण १६ हजार कोटींचे हरित रोखे काढले, आणि असल्या पैशातून विजेची इंजिने, मेट्रो वगैरे कामे झाली. पहिल्या खेपेला सरकारला नेहमीच्या रोख्यांपेक्षा अगदी थोडे, टक्क्याचा विसावा भाग म्हणा, कमी व्याज द्यावे लागले. पुढे मात्र गुंतवणूकदार तेवढीही सवलत देईनात. ३१ मे २०२४ च्या लिलावात तर रिझर्व्ह बँकेने एकही बोली स्वीकारली नाही. हरित म्हटल्यावर सगळे टाळ्या वाजवतात, पण पैसे मोजायची वेळ आली की हात आखडतो, असा हा प्रकार.

विजेचे इंजिन हरित आहे का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, कारण देशातली बहुतेक वीज अजून कोळशावरच तयार होते. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की डिझेलचा धूर तर जातोच, पण नव्या थ्री-फेज इंजिनांना ब्रेक लावला की मोटारीच जनित्र होतात आणि वीज परत तारेत येते. घाटातून उतरणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला वीज देते. दिल्ली मेट्रोने याच गोष्टीवर संयुक्त राष्ट्रांकडे कार्बन क्रेडिटसाठी नोंदणी केली, २००७ साली, आणि जगातल्या रेल्वेंमध्ये ती पहिली ठरली. त्यानंतर २०१२ ते २०१८ या काळात जमलेली ३५ लाख ५० हजार क्रेडिटे मेट्रोने २०२१ साली साडेएकोणीस कोटी रुपयांना विकली. मी कागदावर भागाकार केला. एका टन कार्बन वायूला पंचावन्न रुपये! कॅनॉट प्लेसमध्ये पंचावन्न रुपयांत बरी कॉफीसुद्धा मिळत नाही. मेट्रोने ब्रेकची वीज वाचवली ती या पंचावन्न रुपयांसाठी नव्हे, स्वतःच्या वीजबिलासाठी. कार्बनच्या बाजाराचा बोलबाला ऐकताना हा भागाकार मला आठवतो.

इथपर्यंतचा भाग सरकारे, महानगरपालिका आणि मोठे गुंतवणूकदार यांचा झाला. आता आपल्या खिशातल्या फोनकडे येतो, कारण तिथे माणसे जायबंदी झालेली मी पाहिली आहेत.

आमच्या डेपोत मराठवाड्यातून भरती होऊन आलेला एक तरुण टेक्निशियन आहे. गुणी मुलगा. २०२१ साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील दवाखान्यात असताना त्याने फोनवरच्या एका ॲपवरून ५,००० रुपये कर्ज घेतले. हातात आले ३,४००. बाकीचे ‘प्रोसेसिंग फी’ आणि काय काय म्हणून आधीच कापले. सात दिवसांत पाच हजार परत. म्हणजे ३,४०० वर आठवड्याला १,६०० रुपये, आठवड्याचे व्याज ४७ टक्के, वर्षाचा हिशेब केला तर चोवीसशे टक्क्यांच्या वर! सातव्या दिवशी पैसे नव्हते, म्हणून त्याने दुसऱ्या ॲपवरून घेऊन पहिल्याचे फेडले, मग तिसऱ्यावरून दुसऱ्याचे. महिन्याभरात पाच हजाराचे साठ हजार झाले. आणि एके दिवशी सकाळी मी पॉवर ब्लॉकचे कागद तयार करत असताना माझ्या फोनवर त्याचा फोटो आला, वर लाल अक्षरांत ‘चोर’. तोच फोटो त्याच्या बहिणीच्या सासरी, गावच्या सरपंचांना आणि त्याच्या शाळेच्या मास्तरांना गेला होता. ॲप घेताना त्याने फोनबुकला ‘अलाऊ’ केले होते, एवढेच.

तो माझ्यासमोर येऊन म्हणाला, “साहेब, मी उद्यापासून येत नाही.” मी म्हटले, “अरे, बस आधी, चहा घे.” मग आम्ही तिघा-चौघांनी मिळून एकेका ॲपची यादी केली, सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, धमक्यांचे सगळे मेसेज जपून ठेवले, आणि सहकाऱ्यांच्या पतसंस्थेतून त्याला रीतसर कर्ज मिळवून दिले. ते त्याने आठ महिन्यांत फेडले. बहिणीच्या सासरची माणसे मात्र वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हती.

हा एकट्याचा प्रकार नव्हता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये एक कार्यगट नेमला. त्या गटाला वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत अँड्रॉइड फोनवर मिळणारी सुमारे ११०० कर्जाची ॲप्स आढळली आणि त्यातली ६०० बेकायदा होती. निम्म्याहून अधिक!

ही कथा ऐकताना मला शाळेतला इतिहास आठवतो. पुणे जिल्ह्यातले सुपे गाव, १२ मे १८७५. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, युद्ध संपल्यावर तो कोसळला. इकडे सरकारने शेतसारा वाढवलेला. सावकाराचे व्याज वाढतच चाललेले. सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि मग पुणे-अहमदनगर भागात दंगा पसरला. पण त्यांना मुख्यतः हवे काय होते? कर्जाचे कागद, दस्त, खातेवह्या. ते हिसकावून जाळले, आणि कागद मिळाले की बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. कारण सारी लबाडी त्या कागदात होती. अंगठा कशावर उठवला हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातल्या तरतुदी पाहा. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोरच व्हायचा. पैसे भरले की पावती द्यायची, मागितल्यास खात्याचा उतारा द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दस्तावर लिहिलेला आकडा न्यायालयाने डोळे मिटून मान्य करायचा नाही. व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन प्रत्यक्ष किती दिले आणि किती व्याज लावले ते पाहायचे. माझ्या टेक्निशियनचा ५,००० चा दस्त आणि ३,४०० ची रोकड यांत आणि १८७५ च्या सुप्यात मला तरी फरक दिसत नाही. फक्त अंगठा आता काचेवर उठतो.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले आणि ८ मे २०२५ रोजी ते एकत्र करून नव्याने जारी केले. मी ते मुळातून वाचले. आमच्या खात्यातली जनरल रूल्सची पुस्तके वाचायची सवय असल्यामुळे फारसे जड गेले नाही. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात आली पाहिजे आणि परतफेडही थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या वा वित्तसंस्थेच्या खात्यात. मधल्या ॲपवाल्याच्या खात्यातून पैसा फिरवायचा नाही. ॲपवाल्याची फी कर्जदाराच्या रकमेतून कापायची नाही, ती बँकेने द्यायची. कर्जाआधी एक मुख्य माहितीपत्रक द्यायचे आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा. किमान एक दिवसाची मुदत अशी, की कर्ज नको वाटले तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन दंडाशिवाय परत करता आले पाहिजे. आणि फोनबुक, फोटो, कॉलची यादी यांना ॲपने हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा ठिकाण लागलेच तर ओळख पटवण्यापुरते, एकदा, परवानगी घेऊन.

तारेला हात लावण्याआधी ब्लॉक घ्यायचा, दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावायचे, हा नियम कोणा साहेबाने खोलीत बसून सुचवला नाही; त्याच्यामागे कोणीतरी भाजलेले आहे. या प्रत्येक कलमामागेही कोणीतरी भाजलेले आहे. पण नियम आहे म्हणजे तार थंड आहे असे मात्र नव्हे. बेकायदा ॲप नियम वाचत बसत नाही, ते नाव बदलून पुन्हा येते. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जुलैपासून आपल्या संकेतस्थळावर, बँका आणि वित्तसंस्थांनी कळवलेल्या कर्ज ॲप्सची यादी ठेवायला सुरुवात केली. यादीत नाव नसेल तर तिकडे वळूच नये.

दुसरी बाजू गुंतवणूकदारांची, म्हणजे आपल्यातल्या सुखवस्तू मंडळींची. काही ॲप्स आपले पैसे घेऊन अनोळखी कर्जदारांना देत, ‘पीअर टू पीअर’ म्हणून. या धंद्याचे नियम २०१७ पासून आहेत. पण मधल्या काळात काहींनी त्याला मुदत ठेवीसारखे रूप दिले. बारा टक्क्यांपर्यंत परतावा, केव्हाही काढा. आता विचार करा, कर्जदाराने पैसे एक वर्षासाठी घेतलेत तर तुम्हाला ते केव्हाही कोठून मिळणार? दुसऱ्या कोणाचे तरी आलेले पैसे तुम्हाला मिळत होते. १६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने हे बंद केले. खात्रीचा परतावा आणि हवे तेव्हा पैसे असे सांगून हे विकायचे नाही, आणि कर्ज बुडाले तर नुकसान सर्वस्वी देणाऱ्याचे. त्या आठवड्यात आपल्यापैकी एका निवृत्त सहकाऱ्याचा मला रात्री अकराला फोन आला होता. ग्रॅच्युइटीतले पैसे होते. मला नियम चुकीचा वाटत नाही, पण तो येण्याआधी काही वर्षे ही दुकाने उघडपणे चालली, त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

आणि नोएडाचे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. पेटीएम पेमेंट्स बँकेला रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये नवे ग्राहक घेण्यास मनाई केली होती, आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी नव्या ठेवी, वॉलेट आणि फास्टॅगमध्ये पैसे भरणेही बंद करण्याचा आदेश दिला. आधी २९ फेब्रुवारी आणि मग १५ मार्चपर्यंत मुदत मिळाली. टोलनाक्यावर आपल्यातल्या कितीजणांची धांदल उडाली! भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे घाबरले. पण युपीआयचे ॲप इतर बँकांच्या आधारे चालू राहिले आणि खात्यातली शिल्लक लोकांना काढता आली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते, ते आठवा. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, तेही संपादकांच्या सांगण्यावरून इथे देतो.

एका काकांनी विचारले, “धमकीचे फोन आले तर आधी काय करायचे?” १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे, तिथे लगेच कळवायचे, पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कळवाल तितके ते अडवले जाण्याची शक्यता जास्त. मेसेज खोडायचे नाहीत. ॲप कोणत्या बँकेचे वा वित्तसंस्थेचे ते शोधून तिच्याकडे लेखी तक्रार द्यायची, तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे, त्याला फी नाही. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. आणि ॲपमागे कोणतीच मान्यताप्राप्त संस्था नसेल, तर बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर आणि पोलिसांत.

दुसरा प्रश्न एका वहिनींचा. “बँकेत ‘ग्रीन’ मुदत ठेव दाखवतात, ती घ्यावी का?” १ जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट लागू झाली आहे. त्या पैशातून बँकेने सौरऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी अशाच कामांना कर्ज द्यायचे आणि दरवर्षी त्रयस्थाकडून तपासून घ्यायचे असते. ठेवीला पाच लाखांपर्यंतचा विमा नेहमीसारखाच. मात्र व्याजदर साध्या ठेवीच्या पाटीशेजारी ठेवून पाहा, कधी तो पाव-अर्धा टक्का कमी असतो. आणि काउंटरवरच्या मुलीला विचारा की गेल्या वर्षीचा तपासणी अहवाल कुठे पाहायला मिळेल.